नजर कमी झाली म्हणून नोकरी सुटली: आता मदत कुठे आणि कशी मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, शिक्षण बी.कॉम., एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काही वर्षं नोकरी. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या वाढत जाणाऱ्या आजारामुळे नजर कमी होत गेली, नोंदींमध्ये चुका व्हायला लागल्या, वरिष्ठांनी आडून आडून सुचवलं आणि शेवटी स्वतःच राजीनामा दिला. आता विचारणा अशी की दिव्यांगांना नोकरीसाठी नेमकी मदत कुठे मिळते, बायोडेटात दिव्यांगत्व लिहावं का, आणि लेखा क्षेत्रातच राहता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, राहता येईल. दृष्टी नसलेली माणसं बँकांत, विमा कंपन्यांत, वेतन विभागांत आकड्यांचंच काम करताहेत. पण तुम्ही 'मदत कुठे मिळते' असं विचारलंय, आणि तिथेच बहुतेक जण अडकून पडतात. कुठे मिळते याची यादी देणं सोपं आहे. लोक दिव्यांगत्वाचं कार्ड काढतात, चार पोर्टलवर नाव नोंदवतात, दोन संस्थांत चकरा मारतात आणि फोनची वाट बघत बसतात. दिव्यांग उमेदवार आणि कंपन्या यांची गाठ घालून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ज्यांना नोकरी लागते आणि टिकते, त्यांच्याकडे एक गोष्ट हमखास असते. 'हे काम मी असं करतो, त्यासाठी मला एवढंच लागतं' हे ते दोन मिनिटांत सांगू शकतात, आणि समोर बसून करूनही दाखवू शकतात. बाकी सगळी साधनं या एका गोष्टीच्या मागे उभी करायची आहेत.

तरीही कागदांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तुमच्या आजारात कागदाचीच मोठी गोम आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आणि एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि आरक्षणासारखे बहुतेक लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व असेल तरच मिळतात. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी, मग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. पांढरं कार्ड ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि पुढे.

आता गोम. रेटिनायटिस पिगमेंटोसात बऱ्याच जणांची समोरची नजर बरीच वर्षं चांगली राहते, फक्त कडेचं दिसणं आकसत जातं. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात, पण शेजारी ठेवलेली खुर्ची दिसत नाही. नुसता तक्ता वाचून घेतला तर कागदावर तुम्ही ठणठणीत! कायद्याच्या परिशिष्टात मात्र दृष्टिक्षेत्राचा वेगळा निकष आहे: क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. त्यामुळे तपासणीला जाताना दृष्टिक्षेत्राची चाचणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या, तिचा ताजा अहवाल हातात ठेवा आणि तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर तो विषय स्वतः काढा. प्रमाणपत्रावर 'अंध' लिहिलंय की 'अल्पदृष्टी', हेही नीट वाचून घ्या. हा शब्द पुढे तुमच्या अर्जाचं भवितव्य ठरवतो. कसं, ते सरकारी भरतीकडे आल्यावर सांगते.

कागद होतील तेव्हा होतील. तोवर हातावर हात ठेवून बसू नका, कारण खरं काम इथून पुढे आहे.

तुमच्या चुका नजरेमुळे झाल्या, हिशेब येत नसल्यामुळे झाल्या नाहीत. डोळ्यांनी काम करायची जुनी पद्धत तुटली आणि नवी बसली नव्हती, त्या मधल्या काळात त्या झाल्या. ही नवी पद्धत म्हणजे तुमच्या बाबतीत स्क्रीन रीडर, पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पडद्यावरची अक्षरं मोठी करून भागेल असं तुम्हाला वाटत असेल. अल्पदृष्टीच्या काही प्रकारांत ते भागतंही. पण ज्याचं क्षेत्र आकसलेलं आहे त्याने अक्षर मोठं केलं की त्या अरुंद झरोक्यात आणखी कमी अक्षरं मावतात. मग एका ओळीसाठी मान डावी-उजवीकडे फिरवत बसायचं, आणि दुपारपर्यंत डोकं भणभणायला लागतं. शिवाय हा आजार वाढत जाणारा. म्हणून थोडंफार दिसतंय तोवरच कानांनी काम करायला शिका. दिसणं पूर्ण थांबल्यावर शिकणं जमत नाही असं नाही, पण आज पडदा बघून खात्री करता येते त्याचा मोठा फायदा होतो.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, विंडोजवर चालतो आणि मराठीही वाचतो. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला. दोघांनाही दृष्टी नाही. सुरुवातीला तो यांत्रिक आवाज कानाला टोचतो. दोनेक आठवडे सगळेच वैतागतात, मग वेग वाढवत नेतात. सरावलेला माणूस ज्या वेगाने ऐकतो तो शेजाऱ्याला नुसता खरखराट वाटतो.

एक्सेलमध्ये हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे लेखा काम कसं होतं याचा अंदाज येईल. बाणाच्या कळीने खाली गेलात की तो रकाना वाचतो: रक्कम, मग रकान्याची जागा, 'सी १२'. रकान्यात सूत्र असेल तर 'हॅज फॉर्म्युला' असं सांगतो, त्यामुळे कुणी सूत्र पुसून हाताने आकडा टाकला असेल तर ते लगेच कळतं. डोळस माणसाच्या नजरेतून हे बऱ्याचदा निसटतं. कंट्रोलसोबत बाण दाबला की थेट माहितीच्या टोकाला. फिल्टर, बेरीज, पिव्होट, दोन याद्या जुळवणं हे सगळं कळफलकावरून होतं. अडतं कुठे? एकत्र जोडलेल्या रकान्यांत. रंगांत. 'लाल केलेल्या ओळी तपासून घे' असं वरिष्ठ सांगतात, आणि रंग काही आपोआप वाचला जात नाही. स्कॅन केलेल्या बिलांत, कारण स्क्रीन रीडरसाठी ते नुसतं चित्र असतं. ऑनलाइन बैठकीत कुणी आपला पडदा दाखवायला लागलं की तिथेही, कारण तेही चित्रच.

या चारही अडचणींवरचे उपाय बघा. रंगाऐवजी 'स्थिती' नावाचा एक जादा स्तंभ. रकाने जोडायचे नाहीत. बिलं स्कॅनऐवजी मूळ पीडीएफमध्ये मागवायची, नाही मिळाली तर अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायची. बैठकीची फाइल आधी मेलवर. यातल्या बहुतेक गोष्टींना कंपनीच्या खिशातून एक पैसा जात नाही. कायद्यात ज्याला वाजवी सोय म्हटलं आहे ती बहुतेक वेळा एवढीशीच असते, फक्त कुणीतरी ती नेमकी सांगावी लागते. 'मला सहकार्य करा' म्हटलं की व्यवस्थापक घाबरतो, त्याला वाटतं आता काय काय मागणार. 'रंगाऐवजी एक स्तंभ घाला' म्हटलं की तो लिहून घेतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारणारच. वेगवेगळ्या आवृत्त्या स्क्रीन रीडरला सारखी साथ देत नाहीत. म्हणून ज्या कंपनीत अर्ज कराल तिथे कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, हे आधी विचारा आणि शक्य असेल तर स्वतः चालवून बघा. ब्राउझरमध्ये चालणारी लेखा आणि वेतन सॉफ्टवेअर्स बऱ्याचदा तुलनेने सोपी जातात. कोणत्या कामाला कोणती सोय चालते हे शोधायला अमेरिकेतल्या जॉब अकोमोडेशन नेटवर्कचं संकेतस्थळ कामाचं आहे. इंग्रजी आहे, पण दिव्यांगत्वानुसार आणि अडचणीनुसार शेकडो उपाय तिथे फुकट वाचायला मिळतात. मालकांना खर्चाची धास्ती असते, तर याच संस्थेच्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं दिसत आलंय की जवळपास निम्म्या सोयींना काहीच खर्च येत नाही.

हे सगळं शिकायचं कुठे? मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र ही दोन जुनी, जाणती ठिकाणं. बेंगळुरूची एनॅबल इंडिया, हैदराबादची यूथफॉरजॉब्स आणि दिल्लीची सार्थक या संस्था प्रशिक्षणासोबत कंपन्यांशी गाठही घालून देतात. केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची दिव्यांगांसाठी वेगळी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं आहेत, त्यातलं एक मुंबईत आहे. पूर्वी त्यांना व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणत, अजूनही जुने लोक तेच नाव घेतात. तिथे क्षमतेची चाचणी, समुपदेशन आणि नोंदणी होते. नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी करताना दिव्यांगत्वाची माहिती भरा, आणि दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचं पीएम-दक्ष पोर्टलही बघा, तिथे प्रशिक्षण आणि रिक्त जागा दोन्ही असतात. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, आयुक्तालय पुण्यात आहे. जिल्ह्याच्या पातळीवर योजनांची चौकशी जिल्हा परिषदेत करायची.

प्रशिक्षणाबद्दल एक स्पष्ट बोलते, काहींना आवडणार नाही. एका प्रशिक्षणातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असे वर्षानुवर्षं फिरणारे उमेदवार मी बघते. संस्थेला आकडे दाखवायचे असतात, घरच्यांना 'काहीतरी करतोय' याचं समाधान. प्रत्येकाच्या फाइलीत पाच-सहा प्रमाणपत्रं आणि हाताला काम नाही. पदवीधर, अनुभवी माणसाला पुन्हा 'बेसिक कॉम्प्युटर'च्या वर्गात बसवायला लागले तर उठून या. तुम्हाला दोनच गोष्टी लागतात: स्क्रीन रीडरवर एक्सेल, आणि पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरण्याचं प्रशिक्षण. दुसरी गोष्ट लोक टाळतात. काठी हातात घेतली की 'आता जगाला कळलं' असं वाटतं, ते मी समजू शकते. पण रेटिनायटिसमध्ये संध्याकाळचं दिसणं सगळ्यात आधी जातं, आणि कार्यालयातून एकट्याला घरी येता येतं का, हा प्रश्न मालकाच्या मनात असतोच, तो तोंडाने विचारो न विचारो.

'दिव्यांग कोट्यातून लावून देतो' म्हणून पैसे मागणारे दलालही भेटतील. नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागितले की तिथेच संभाषण संपवा.

आता सरकारी भरती. २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के आरक्षण ठेवलं आहे. अंध आणि अल्पदृष्टी यांना १ टक्का, कर्णबधिर आणि ऐकू कमी येणाऱ्यांना १, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, ठेंगणेपणा, ॲसिड हल्लाग्रस्त आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी धरून शारीरिक हालचालींचं दिव्यांगत्व असलेल्यांना १, आणि उरलेल्या १ टक्क्यात दोन गट: एक स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा, दुसरा बहुविकलांगतेचा. हे समांतर आरक्षण आहे, जातीच्या आरक्षणाला आडवं छेदून जाणारं. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात न्यावी लागते. तेव्हाही नाही मिळाला तर आधी या पाच गटांत अदलाबदल, आणि त्यानंतरच ती इतरांना देता येते. म्हणून जाहिरातीत अनुशेषाच्या जागा शोधायची सवय लावा, कारण खास दिव्यांगांसाठी काढलेल्या भरतीत स्पर्धा वेगळी असते.

आणि इथेच प्रमाणपत्रावरचा तो शब्द आडवा येतो. प्रत्येक पद कोणत्या दिव्यांगत्वाला योग्य आहे हे आधी ठरवलेलं असतं. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये अशी साडेतीन हजारांहून जास्त पदं अधिसूचित केली. जाहिरातीत 'बी' म्हणजे अंध आणि 'एलव्ही' म्हणजे अल्पदृष्टी, शिवाय बसणं, वाचणं-लिहिणं, ऐकणं अशा कामाच्या गरजांचे संकेत दिलेले असतात. पदापुढे फक्त 'एलव्ही' असेल आणि तुमच्या प्रमाणपत्रावर 'अंध' असेल, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही कागद तपासताना अडवलं जाऊ शकतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या बाबतीत जे झालं ते अनेकांना आठवत असेल. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना रेल्वे लेखा सेवेने पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून नाकारलं. पुढच्या प्रयत्नात १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. सगळ्यांना एवढं बळ आणि वेळ असतो असं नाही, म्हणून अर्ज भरण्याआधीच ही जुळणी तपासा.

केंद्राच्या थेट भरतीत दिव्यांगांना वयात १० वर्षांची सूट असते, इतर मागासवर्ग असेल तर १३ आणि अनुसूचित जाती-जमातींना १५. तुम्ही २९ चे आहात, म्हणजे दार बंद झालेलं नाही. राज्याच्या पदांसाठीची वयोमर्यादा त्या त्या जाहिरातीत बघा. लेखी परीक्षेत लेखनिक, म्हणजे तुम्ही सांगाल ती उत्तरं लिहिणारा माणूस, मिळतो आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ, असं २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ठरलं. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असून लिहायला अडचण येणाऱ्यांसाठीही २०२१ च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क मान्य केला. लेखनिकाचे नियम मात्र परीक्षेगणिक बदलतात आणि वेळोवेळी सुधारतात, तेव्हा प्रत्येक जाहिरातीतला तो परिच्छेद न कंटाळता वाचा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखनिक शोधणाऱ्यांचे हाल मी फार बघितलेत. ज्याच्यासोबत बसायचं त्याच्याबरोबर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. तक्ता आणि आलेखाचे प्रश्न वाचून कसे दाखवायचे, हे दोघांनी मिळून बसवावं लागतं.

खासगी क्षेत्राबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो की कंपन्यांना ५ टक्के दिव्यांग घ्यावेच लागतात. तसं नाही. कायद्याच्या ३५ व्या कलमात खासगी मालकांना प्रोत्साहन देऊन मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग यावेत असं म्हटलं आहे, सक्ती नाही. सक्ती आहे ती दुसऱ्या गोष्टीची. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, शक्यतो संकेतस्थळावर. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांना योग्य पदं कोणती, निवड कशी, सोयी कोणत्या आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्यात लिहायला हवं. अर्ज करण्याआधी हे धोरण शोधून वाचा. नुसती गुळगुळीत वाक्यं आहेत की संपर्क अधिकाऱ्याचं नावही आहे, यावरून कंपनीत कुणी या विषयाला हात घातलाय का हे ओळखू येतं. नाव असेल तर अर्जासोबत त्या व्यक्तीलाही एक मेल जाऊ द्या.

बायोडेटात दिव्यांगत्व लिहावं का? यावर माझ्या क्षेत्रातच दोन तट आहेत. माझं मत दिव्यांगत्वाप्रमाणे बदलतं. जे मुलाखतीत दिसणारच आहे आणि ज्यासाठी चाचणीतच सोय लागणार आहे, ते आधी सांगावं. तुमचं तसंच आहे. पण बायोडेटाच्या पहिल्या ओळीत टक्केवारी लिहू नका. आधी काम: किती विक्रेत्यांची खाती सांभाळत होता, जीएसटीचं काय करत होता, महिनाअखेर कशी बंद करत होता. शेवटी एक ओळ: 'अल्पदृष्टी असल्याने स्क्रीन रीडरवर काम करतो. एक्सेल, वर्ड, ईमेल पूर्ण कळफलकावरून हाताळतो.' मानसिक आजाराबाबत मात्र मी उलट सल्ला देते. कामाला लागल्यावर, माणसं कळल्यावर, आणि सोय लागतच असेल तेव्हाच आणि तेवढंच सांगावं. समाज अजून तेवढा शहाणा झालेला नाही, उगाच आदर्शवादापायी स्वतःचं नुकसान करून घेऊ नये.

मधल्या खंडाबद्दल विचारतील. खोटं बोलू नका आणि दुखडाही सांगू नका. 'नजर कमी झाल्यावर जुन्या पद्धतीने काम जमेना, म्हणून थांबलो. आता स्क्रीन रीडर शिकलो आहे आणि पूर्वीचंच काम नव्या पद्धतीने करतो.' बस्स.

मुलाखतीचं पत्र आलं की लगेच लेखी कळवा. मेल अशा धर्तीचा असू द्या:

'मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभार. मी स्क्रीन रीडर वापरतो. चाचणी असल्यास ती माझ्या लॅपटॉपवर देण्याची परवानगी मिळावी किंवा तुमच्या संगणकावर एनव्हीडीए आधी घालून ठेवावं. प्रश्न एक्सेल किंवा वर्डमध्ये असावेत, छापील किंवा स्कॅन केलेले नकोत. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळावा. अडचण असल्यास मला फोन करावा, मी समजावून सांगेन.'

विनवणी नाही, कायद्याचा धाकही नाही. हे लेखी असल्याचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे सांगते.

मुलाखतीला लॅपटॉप घेऊन जाच. 'पण तुम्ही बिलं कशी वाचणार?' हा प्रश्न येणार हे धरून चाला. त्याचं उत्तर तोंडी देऊ नका, लॅपटॉप उघडा. दोनशे ओळींची एक नमुना यादी तयार ठेवा: विक्रेते, बिल क्रमांक, रकमा, मुद्दाम घातलेली दोन-तीन दुबार बिलं. समोरच्यांच्या कानावर आवाज पडू द्या, सुरुवातीला सावकाश, म्हणजे त्यांना कळेल. मग तुमच्या नेहमीच्या वेगाने फिल्टर लावा आणि दुबार बिलं काढून दाखवा. अशा वेळी खोलीतलं वातावरण कसं पालटतं ते मी किती वेळा बघितलंय! आधी सगळे डोळ्यांविषयी विचारत असतात, नंतर कुणीतरी म्हणतं, 'आमच्याकडे विक्रेत्यांचं ताळमेळाचं काम फार साठलंय, ते जमेल का?' प्रश्न कामावर आला की तुम्ही इतर उमेदवारांसारखेच एक उमेदवार झालात.

तुमच्या बाजूनेही विचारा. माझं काम कोण बघणार, सहा महिन्यांनी माझ्याकडे काय काम असेल? आकडा दाखवण्यासाठी दिव्यांग घ्यायचे, कोपऱ्यात खुर्ची द्यायची आणि काम मात्र द्यायचं नाही, असंही चालतं. पगार वेळेवर होतो, माणूस मात्र कुजतो. तीन वर्षांनी दुसरीकडे अर्ज करायला त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

इतर दिव्यांगत्व असलेल्या वाचकांसाठी थोडं. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी रॅम्पआधी स्वच्छतागृहाबद्दल विचारावं. रॅम्प फोटोत दिसतो, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी दिसत नाही. कर्णबधिर उमेदवारांनी मुलाखतीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मागावा. फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं, रोजच्या कामात त्याचा आधार होतो, पण चारजण एकदम बोलतात अशा बैठकीत त्यावर विसंबून राहू नये. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सगळ्यात कामाला येतो तो जॉब कोच. तो सुरुवातीचे आठवडे प्रत्यक्ष कामाच्या जागी सोबत राहतो, कामाचे बारीक टप्पे पाडून शिकवतो, सहकाऱ्यांनाही तयार करतो आणि हळूहळू मागे सरतो. पालकांनी स्वतः ही भूमिका घेऊ नये. आई रोज दारात थांबलेली असेल तर सहकारी त्या मुलाशी बोलण्याऐवजी आईशीच बोलत राहतात.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ सवलतीच्या व्याजाने कर्ज देतं, राज्यातल्या महामंडळामार्फत आणि काही बँकांमार्फत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करा. पण नोकरी मिळत नाही म्हणून नाइलाजाने दुकान टाकणं हा मार्ग मला पटत नाही. तुमच्याकडे लेखा कामाचा अनुभव आहे, छोट्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं काम घरून घेतलंत तर ते जास्त जवळचं आहे आणि बायोडेटातला खंडही भरून निघतो.

नोकरी लागल्यावर दोन किरकोळ पण खिशाशी संबंध असलेल्या गोष्टी: राज्य कामगार विम्यासाठी दिव्यांगांची वेतनमर्यादा २१ ऐवजी २५ हजार आहे, आणि ४० टक्क्यांवर कायमचं दिव्यांगत्व असेल तर राज्यात व्यवसाय करातून सूट मिळते. वेतन विभागाला हे माहीत असेलच असं धरू नका.

तुमच्या जुन्या कंपनीबद्दल. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही, समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि असं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. हे २० वं कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव आहे, असं कायद्याची व्याख्याच सांगते. सहीचा राजीनामा दिल्यानंतर हे सिद्ध करणं अवघड, म्हणून जुन्या प्रकरणात शक्ती घालवू नका असं मी म्हणेन. अजून नोकरीत असलेल्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं: 'तुम्हीच ठरवा' असं कुणी म्हटलं तर राजीनामा लिहायच्या आधी कोणती सोय हवी ते लेखी मागा आणि उत्तरही लेखीच मागा.

तक्रार करायची वेळ आलीच तर सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, आधी तिथे. पुढे राज्याच्या अखत्यारीतल्या प्रकरणांसाठी राज्य दिव्यांग आयुक्त, केंद्राच्या कार्यालयांसाठी आणि बँकांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. त्यांना साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. शिफारस झाल्यावर संबंधित आस्थापनेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. वकील लावायलाच हवा असं नाही, साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. त्यासोबत जोडायला लागतात तारखेसह कागद: प्रमाणपत्र, जाहिरात, तुम्ही सोय मागितल्याचा तो मेल आणि त्यावर आलेलं किंवा न आलेलं उत्तर.